काचेआडचे धुके

श्रावणातला शेवटचा सोमवार अकोल्यात कावडीचा असतो. सुमारे १८ किलोमीटरांवरच्या गांधीग्रामला पूर्णेच्या पात्रात भरणी बुडवून ती खांद्यावर घेतलेली तरुणांची पथके रात्रभर चालत येतात, आणि दिवस उजाडल्यावर राजराजेश्वराला त्या जलाचा अभिषेक घडतो. वरून श्रावणसरी, खांद्यावर हिंदकळणारे भरणे आणि अंगातून निथळणारा घाम अशा त्रिविध ओलाव्यातून ती वाट चालताना मनगटावरचे घड्याळ काढून कोरड्या खिशात ठेवावे, हे भान कोणाला राहावे? ते भान मंगळवारी येते. मंगळवारी सकाळी अकोल्याच्या बाजारातल्या एका बोळात, जेमतेम एक माणूस मांडी घालून बसेल एवढ्या दुकानात, मी एका घड्याळजींच्या शेजारी बसलो होतो, तेव्हा पहिल्या दोन तासांत जी घड्याळे त्यांच्या काचेच्या कपाटावर येऊन पडली, त्यांतील बहुतेकांच्या काचेला आतून पांढुरके धुके आलेले होते.

प्रत्येक गिऱ्हाईकाला त्यांचा पहिला प्रश्न एकच होता. घड्याळ कोणत्या कंपनीचे, किती जुने, गॅरंटी आहे की नाही, हे सर्व नंतर. आधी, डोळ्याचे भिंग कपाळावर सारून, ते विचारीत, “कोनतं पानी गेलं, भाऊ? नयाचं का बोअरचं?”

मुंबई-पुण्याच्या घड्याळजीला हा प्रश्न सुचणार नाही. वऱ्हाडात मात्र तो अत्यंत अर्थपूर्ण आहे. कारण पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून साडेचार हजार चौरस किलोमीटरांहून अधिक पसरलेला जो खारपाणपट्टा आहे, त्यातील भूगर्भातले पाणी खारे आहे. ते पिकाला चालत नाही, पोटाला सोसत नाही, आणि पोलादाला तर मुळीच मानवत नाही. पावसाचे पाणी घड्याळात शिरले तर ते उडून जाण्याची निदान आशा असते. खाऱ्या पाण्यातले पाणी उडते, मीठ मागे राहते. ते मीठ हवेतला ओलावा पुन्हा आपल्याकडे ओढून घेते, आणि त्यातील क्लोराइड पोलादावरचा संरक्षक पापुद्रा भेदून गंजाला वाट करून देते. त्यामुळे बोअरच्या पाण्यात भिजलेले घड्याळ वरून कोरडे दिसले तरी आतून ते दर पावसाळ्यात नव्याने भिजत असते. घाम हादेखील खाऱ्या पाण्याचाच प्रकार, आणि वैशाखात कापसाच्या गाठी उचलणाऱ्या हमालाच्या मनगटावर तो किती साठतो, हे वेगळे सांगायला नको.

त्या मंगळवारचे एक गिऱ्हाईक माझ्या चांगले लक्षात राहिले आहे. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, मनगटावर आजोबांचे चावीचे घड्याळ. काचेवर धुके होते, पण त्याची तक्रार धुक्याची नव्हती. “घडी पुढं पयते,” तो म्हणाला, “रातीपासून पाऊन तास पुढं गेली.” घड्याळ थांबलेले नाही, उलट जोराने चालते आहे, तेव्हा आतले यंत्र शाबूत असावे, असा त्याचा तर्क. घड्याळजींनी मागचे झाकण उघडले आणि मला भिंगातून पाहावयास सांगितले. बॅलन्स चक्राच्या पोटाशी असलेली ती केसासारखी सर्पिलाकार हेअरस्प्रिंग, जिला जुने कारागीर बालकमानी म्हणतात, तिचे वेढे एरवी एकमेकांपासून समान अंतरावर श्वास घेतल्यासारखे उघडत-मिटत असतात. येथे पाण्याच्या एका सूक्ष्म थराने तीन वेढे एकमेकांना चिकटून बसलेले होते. वेढे चिकटले की कमानीची परिणामी लांबी घटते, लांबी घटली की आंदोलने शीघ्र होतात, आणि घड्याळ पुढे धावू लागते. जलबाधेचे हे पहिले लक्षण आहे, आणि ते आरोग्याच्या वेषात येते, म्हणून मी त्याचा मुद्दाम उल्लेख करतो. भिजलेले घड्याळ पुढे धावू लागले तर त्याच दिवशी ते उघडून घ्यावे.

हे धुके म्हणजे नेमके किती पाणी, असा प्रश्न मला पडला आणि मी थोडे गणित मांडून पाहिले. मनगटी घड्याळाच्या पोटात यंत्र वजा जाता जी पोकळी उरते ती एक घन सेंटिमीटर धरली, तर ३० अंश सेल्सियसला पूर्ण संपृक्त हवेतसुद्धा तेवढ्या जागेत मिलिग्रॅमचा ०.०३ एवढाच अंश बाष्प असते. नळाच्या तोटीला लोंबणारा एक थेंब साधारण ५० मिलिग्रॅमचा, म्हणजे त्या बाष्पाच्या सोळाशेपट अधिक. काच झाकोळून टाकावयास यत्किंचित् पाणी पुरते, हा या हिशेबाचा एक अर्थ. दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे: काचेवर धुके न दिसता थेंब ओघळताना दिसला, तर ते हवेतून आलेले बाष्प नव्हे, घड्याळाच्या अंगाला कोठे तरी वाट पडली आहे आणि तिच्यातून पाणी पाणी म्हणूनच आत आले आहे.

या वाटा मुळात तीन: काचेची कड, पाठीमागच्या झाकणाची कड, आणि चावी. त्यांतील पहिल्या दोन स्थिर असल्याने त्यांचा बंदोबस्त रबराच्या रिंगेने सहज होतो. चावीचे मात्र तसे नाही. ती फिरली पाहिजे, ओढली गेली पाहिजे, आणि तरीही तिच्या दांड्याभोवतीच्या फटीतून काही आत जाता कामा नये. घड्याळशास्त्राने या एका फटीपायी पुष्कळ वर्षे खर्ची घातली. हान्स विल्सडॉर्फ यांच्या रोलेक्स कंपनीने १९२६ मध्ये ‘ऑयस्टर’ या नावाने आटे असलेल्या चावीचे घड्याळ काढले आणि पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात मर्सिडीस ग्लायट्झ या इंग्रज जलतरणपटू तरुणीने इंग्लिश खाडीत दहा तासांहून अधिक काळ पोहताना ते गळ्यात बाळगले. पाणी इतके थंड होते की तिला पलीकडचा किनारा न गाठता बाहेर यावे लागले. घड्याळ मात्र चालू राहिले, आणि सुमारे महिनाभराने त्याची जाहिरात लंडनच्या वृत्तपत्राच्या पहिल्या पृष्ठावर झळकली. आपल्याकडे त्यानंतर कित्येक दशके जी घड्याळे वापरात होती त्यांत ही तजवीज क्वचितच असे. फाव्र-ल्यूबा या स्विस पेढीचा मुंबईशी संबंध १८६५ पासूनचा. तिची ‘सी-चीफ’ आणि ‘सी-किंग’ ही घड्याळे समुद्रापासून चारशे किलोमीटरांहून दूर असलेल्या आमच्या वऱ्हाडात वकिलांच्या, मास्तरांच्या आणि जिनिंग कारखान्यांच्या मुनिमांच्या मनगटांवर दिसत. त्यांच्या तबकडीवरचे समुद्राचे नाव वाचून पावसात निर्धास्त हिंडणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत.

तबकडीवरच्या अक्षरांचा भरवसा ही आजचीही मोठी फसगत आहे. ‘वॉटर रेझिस्टंट ३० मीटर’ असे जे लिहिलेले असते, त्याचा अर्थ ते घड्याळ बांधून ३० मीटर खोल विहिरीत सूर मारता येईल असा नव्हे. नव्या, स्थिर घड्याळाने प्रयोगशाळेत तेवढ्या खोलीइतका दाब सोसला, एवढाच तो दाखला आहे. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द तर घड्याळांच्या आंतरराष्ट्रीय मानकाने बाद ठरवला आहे. शिवाय दाखला मिळतो त्या दिवशी रबराची रिंग ताजी असते. ज्या प्रदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेथे मोटारसायकलच्या टाकीवर किंवा खिडकीत राहिलेल्या घड्याळाचे रबर दोन-तीन उन्हाळ्यांतच कडक होते, त्याला भेगा पडतात, आणि दाखल्याची मुदत कोणालाही न कळवता संपून जाते.

आणि खोल पाण्यात बुडण्याचीही गरज नसते. उन्हात ४५ अंशांपर्यंत तापलेले घड्याळ तुम्ही २५ अंशांच्या पाण्याखाली धरले, तर आतली हवा आकसून तिचा दाब सुमारे सहा टक्क्यांनी उतरतो. ही ओढ साठ-पासष्ट सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढी भरते. घड्याळ त्या क्षणी नुसते भिजत नाही, ते पाणी आत ओढून घेते. शेतातून तापून आलेला माणूस हातपंपावर मनगटासकट हात धुतो, तेव्हा हेच घडते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या वडिलांचे घड्याळ याच रीतीने बिघडले, आणि ते माझ्या हातून बिघडले.

वडील तहसील कचेरीत कारकून होते. नोकरी कायम झाल्यावर, १९७२ साली, ज्या वर्षी महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला त्या वर्षी, त्यांनी एचएमटीचे ‘जनता’ घेतले: हाताने चावी द्यावयाचे, १७ माणकांचे, पांढऱ्या तबकडीचे. बंगळूरच्या ज्या कारखान्याने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये घड्याळे करावयास आरंभ केला, त्याचे हे सर्वांत सामान्य अपत्य. पण त्या काळी ते मिळवण्यासाठी ओळख लागे आणि वाट पाहावी लागे. दुष्काळी कामांवर हजेरीपट घेऊन जाताना ते वडिलांच्या हातावर असे. खडी फोडणाऱ्या बायकांची सुटीची वेळ त्या घड्याळावरून मुक्रर होई, आणि वडील ते दर सकाळी रेडिओच्या ठोक्यांवर लावून घेत, कारण दोन मिनिटे मागे असलेले घड्याळ म्हणजे दोनशे माणसांची दोन मिनिटे, असे ते म्हणत. त्यांनी ते पुढे चाळीस वर्षे वापरले. पावसाळ्यात कचेरीत जाताना ते रुमालात गुंडाळून, वर मेणकापड लावून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवीत, आणि मनगट त्या चार महिन्यांत उघडे राही.

त्यांच्यामागे घड्याळ माझ्याकडे आले. दर्यापूरजवळच्या आमच्या शेतावर ज्येष्ठातल्या एका दुपारी मी बोअरच्या पाण्याने हात-तोंड धुतले आणि घड्याळ काढावयाचे विसरलो. संध्याकाळी कूलरसमोर बसलो असता काच झाकोळलेली दिसली. घरात जो तो उपाय सांगू लागला, आणि त्यांतला सर्वमान्य उपाय मी स्वीकारला: तांदळाच्या डब्यात आठ दिवस. आठ दिवसांनी काच निर्मळ झाली. मी समाधानाने घड्याळ पुन्हा बांधले. दुसऱ्या श्रावणात ते बंद पडले, आणि चावी फिरवू गेलो तेव्हा ती दांड्यासकट माझ्या हातात आली.

ते घेऊन मी अमरावतीला गेलो तेव्हा वैशाख होता. राजकमल चौकापासून चालत जाता येईल अशा अंतरावर एक वृद्ध घड्याळजी बसतात. त्यांच्याकडे आता घड्याळांपेक्षा सेल बदलण्याचेच काम अधिक येते, आणि एचएमटीच्या घड्याळ कंपनीला टाळे लावण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाल्यापासून सुटे भाग जुन्या, मोडक्या घड्याळांतून काढावे लागतात. मी त्यांना काका म्हणतो. त्यांनी झाकण उघडण्याच्या बोथट सुरीने पाठ उचलली, चिमट्याने यंत्र तबकडीसह बाहेर काढले आणि पांढऱ्या कागदावर ठेवले. कागदावर तांबडी भुकटी पडली, कुंकवासारखी.

मग त्यांनी मला भिंग दिले आणि एखादा तलाठी शेताची हद्द दाखवतो तसे चिमट्याच्या टोकाने पाण्याची वाट दाखवली. तबकडीवर तीनच्या आकड्यापाशी चंद्रकोरीएवढा तपकिरी डाग होता. पाणी चावीवाटे शिरले होते. दांडा जेथे मोडला तेथे तो गंजाने खाऊन सुईच्या टोकाएवढा उरला होता. दांड्याला लागून असलेले पोलादी खटके आणि त्यांची स्प्रिंग यांवर गंजाचे फोड आले होते, स्क्रूंची डोकी काळवंडली होती, पितळी पट्टीवर कोठे कोठे हिरवट पूट चढले होते. केवळ माणके, ती कारखान्यात घडवलेली तांबूस रत्ने, धुतल्यासारखी तेजस्वी होती. बॅलन्सपर्यंत गंज पोहोचला नव्हता. “हे तुमचं नशीब,” काका म्हणाले.

मी तांदळाची हकीकत सांगितली. ते रागावले नाहीत. पण त्यांनी जे सांगितले ते मला आजवर पुरले आहे. “काचीवरची वाफ गेली म्हंजे पानी गेलं असं नसते, भाऊ. ते काचीवरून उठलं अन् लोखंडावर बसलं.”

याचा अर्थ मी पुढे नीट समजून घेतला. बंद घड्याळ तांदळात ठेवले, तर तांदळाने ओढावयाचे बाष्प त्याच्यापर्यंत पोहोचणार कसे? ज्या फटीतून पाणी दाबाने आत ओढले गेले, तिच्यातून बाष्प आपखुशीने बाहेर पडावयास फार काळ लागतो. आणि त्या काळात गंज आपले काम करीत राहतो. उन्हात ठेवण्याचा उपाय याहून घातक. काच तापली की तिच्यावरचे धुके विरते व यंत्रात पसरते, रात्री काच निवली की ते परत येते, आणि या येरझाऱ्यांत दर वेळी प्रत्येक पोलादी भागाला पाण्याचा नवा स्पर्श होतो. गंज धरतो तो पाणी शिरल्याच्या पहिल्या दिवसांत. धुके नाहीसे झाल्याचा आनंद मी मानला, तेव्हा आतल्या दांड्याचे पोलाद निम्मे खाऊन झालेले असणार.

काकांच्या पिढीतला नियम असा होता की, चावीचे घड्याळ पाण्यात पडलेच तर तत्काळ मागचे झाकण उघडावे, आणि घड्याळजी लांबच्या गावी असेल तर ते रॉकेलात बुडवून आणावे. खारे पाणी असेल तर त्याआधी गोड्या पाण्याने धुऊन घ्यावे. भिजलेले घड्याळ आणखी पाण्यात धुवावयाचे, हे ऐकावयास विपरीत वाटते, पण मीठ काढण्याचा दुसरा मार्ग नाही. रॉकेल पाण्याला बाजूला सारते आणि पोलादाला हवा लागू देत नाही. तबकडीची छपाई या स्नानात खराब होण्याचा संभव असतो. यंत्र वाचवण्यासाठी ते मूल्य द्यावे लागते. हा उपाय सेलवरच्या घड्याळाला मात्र करू नये. तेथे पहिले काम सेल काढून घेण्याचे, कारण दीड व्होल्टचा तो क्षीण प्रवाहदेखील ओलाव्यातून वाहू लागला की, केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे जे वेटोळे आत असते, ते हिरवे पडून तुटते, आणि मग सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा स्फटिक ठणठणीत असूनही काटे हलत नाहीत.

माझ्या घड्याळाला दांडा आणि दोन खटके लागले. ते काकांच्या जुन्या डब्यांत मिळावयास पंधरा दिवस गेले, आणि वैशाख संपत आला. ज्या दिवशी घड्याळ मिटावयाचे होते त्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम दुपारी दोनला बोलावले. बाहेर रस्ता ओस होता, दुकानाचे शटर अर्धे ओढलेले, कूलर त्यांनी बंद केलेला. “थंडी हवा नाई पायजे आत,” ते म्हणाले.

वऱ्हाडच्या उन्हाची निंदा मी जन्मभर ऐकली आहे आणि केलीही आहे. त्या दुपारी मला त्याची दुसरी बाजू दिसली. श्रावणातल्या २८ अंशांच्या कुंद हवेत घनमीटरमागे सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते, आणि त्या हवेत मिटलेले घड्याळ एखाद्या वातानुकूलित खोलीत नेताच त्याची काच झाकोळते. वैशाखातल्या दुपारी, पारा ४३ अंशांवर आणि आर्द्रता बारा टक्क्यांच्या आसपास असता, तेच प्रमाण सात ग्रॅमांवर येते; ती हवा सहा-सात अंशांपर्यंत थंड झाल्याखेरीज तिच्यातून दव पडत नाही. मोठ्या कारखान्यांना जी कोरडी हवा यंत्रे लावून तयार करावी लागते, ती आमच्या गावांत दोन महिने रस्त्यावर फुकट पडलेली असते. अमरावतीचे जुने कारागीर ओलाव्याने बिघडलेली घड्याळे उन्हाळ्यात मिटावी असे का म्हणत, हे मला त्या दोन आकड्यांनी उलगडले.

यंत्र पेट्रोलात धुऊन, वाळवून, प्रत्येक माणकात सुईच्या टोकाने तेलाचा कण सोडून झालेले होते. काकांनी काचेच्या कडेला नवी रिंग बसवली, तबकडी स्थानापन्न केली. डाग काढून देऊ का, असे त्यांनी विचारले. नवी तबकडीही त्यांच्याकडे होती. मी नको म्हणालो. वडिलांची तबकडी होती, आणि डाग माझा होता. मग त्यांनी झाकण अंगठ्याने दाबून बसवले, घड्याळ उताणे करून टेबलावर तसेच पाच-दहा मिनिटे तापू दिले, आणि माठातल्या पाण्यात बोट बुडवून एक थेंब काचेवर सोडला.

घड्याळांच्या आंतरराष्ट्रीय मानकात ही परीक्षा जशीच्या तशी लिहिलेली आहे, हे मला नंतर कळले: घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत तापवावे, त्याच्या काचेवर १८ ते २५ अंशांच्या पाण्याचा थेंब ठेवावा, मिनिटभराने तो कोरड्या फडक्याने पुसावा, आणि आतून धुके दिसले तर घड्याळ नापास करावे. प्रयोगशाळेत त्यासाठी तापवलेली पट्टी लागते. काकांनी ते मानक पाहिलेले नाही. ही रीत त्यांनी त्यांच्या उस्तादांकडून उचलली, आणि तापवलेल्या पट्टीचे काम अमरावतीच्या दुपारने केले.

थेंब काचेवर थरथरत होता. त्याच्याखालचा बाराचा आकडा मोठा होऊन दिसत होता. सेकंदकाट्याने आपला एक फेरा पुरा केला तेव्हा काकांनी मलमलीच्या फडक्याने थेंब टिपला, घड्याळ तिरपे धरून उजेडाकडे केले, मग माझ्याकडे दिले. मी बराच वेळ पाहत राहिलो. काच आतून स्वच्छ होती. तीनच्या आकड्यापाशी तो तपकिरी डाग होता, आणि दोन वाजून चाळीस मिनिटे झाली होती.

“पान्याच्या दिवसात काढून ठेवत जा,” काका म्हणाले.